एकटीने खान्देश, एसटी आणि रेल्वेने: मुक्काम कुठे, काय टाळू?

पायपीट_पुणे: डिसेंबरात चार दिवस आहेत. चांगदेव-मुक्ताईनगर, पाटणादेवी आणि जमलं तर तोरणमाळ असा बेत आहे. एकटी आहे, स्वतःची गाडी नाही. रोज नवीन गावात मुक्काम करू की एकाच ठिकाणी राहू? संध्याकाळी किती वाजेपर्यंत एसटीवर भिस्त ठेवता येते? 'जपून जा' एवढंच नको, नेमकं सांगा.

तापीकाठ: मुक्काम जळगावात ठेवा. चांगदेव-मुक्ताईनगर एक दिवस, पाटणादेवी एक दिवस, दोन्ही जळगावहून जाऊन-येऊन होतात. तालुक्याच्या गावी रात्री काढण्याची गरजच नाही.

एसटीचं गणित असं आहे. जिल्ह्याच्या गावांना जोडणाऱ्या गाड्या उशिरापर्यंत असतात, पण खेड्यात जाणारी शेवटची गाडी बहुतेकदा मुक्कामी असते. संध्याकाळी गावात जाते, तिथेच थांबते आणि पहाटे निघते. वेळापत्रकात सातची गाडी दिसली की लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात, कारण ती परत येणारी नसतेच. म्हणून आगारात उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर 'तिथून इकडे यायला शेवटची गाडी किती वाजता?' हेच विचारा, आणि शेवटच्या नव्हे, तिच्या आधीच्या गाडीने परता. एखादी फेरी रद्द झाली तरी हातात एक उरते.

दुसरा प्रश्न चढण्यापूर्वी वाहकाला: 'गाडी स्टँडात जाते की बायपासने?' मुक्ताईनगर महामार्गावर आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या कधी कधी फाट्यावरच उतरवतात, आणि अंधारात फाट्यावर उभं राहणं हीच खरी गैरसोय. चांगदेवाचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. मुक्ताईनगरहून रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, तिथे थांबण्याचा वेळ धरून, आणि सगळे पैसे परत आल्यावर द्या. एकेरी ठरवली तर परतीला रिक्षा मिळेलच असं नाही.

पाटणादेवीला चाळीसगावपर्यंत रेल्वेने या. पुढे १८ किलोमीटरच्या आसपास. नवरात्रात गाड्यांची रीघ असते, एरवी मोजक्या. देऊळ आणि आसपासचा भाग एकटीने बघायला हरकत नाही, तिथे माणसांचा वावर असतो. मात्र पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे चढणारी पायवाट एकटीने नको. ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे, आणि पाय मुरगळला तर हाकेला कोणी नाही. जायचंच तर वनखात्याच्या नाक्यावर विचारून वाटाड्या घ्या.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, शिवशाहीतसुद्धा. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, सुरत किंवा बऱ्हाणपूरच्या गाडीत हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं. आधार जवळ असू द्या.

फलाट_क्र_४: रेल्वेचं मी सांगतो. आरक्षण करताना कोट्यात 'लेडीज' निवडून बघा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसमध्ये स्लीपरला सहा बर्थ या कोट्यात असतात. जनरलला प्रतीक्षा यादी दिसत असताना इथे जागा मिळू शकते, आणि बऱ्याच जणी हा कोटा उघडून बघतच नाहीत.

भुसावळ-जळगावला गाड्या रात्री-अपरात्री पोहोचतात. पहाटे तीनला उतरवणारी गाडी स्वस्त असली तरी घेऊ नका. घ्यावीच लागली तर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबा, बाहेर रिक्षावाल्यांशी घासाघीस करायला जाऊ नका. डब्यात त्रास झाला तर १३९ वर गाडी क्रमांक, डबा, बर्थ आणि पुढचं स्टेशन, या क्रमाने सांगा. रेल्वे सुरक्षा दलाचा 'मेरी सहेली' उपक्रम एकट्या प्रवासी महिलांसाठीच आहे. महिला जवान येऊन चौकशी करून गेल्या तर गोंधळू नका. बायकांच्या डब्यात पुरुष बसलेले दिसले तर वाद घालत बसू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली तो गुन्हा आहे, तेही १३९ वरच कळवा.

सातपुडा_पायथा: तोरणमाळ या बेतातून काढा, किंवा त्यालाच दोन दिवस द्या. जळगावहून रेल्वेच्या ताप्ती मार्गाने नंदुरबार, मग शहादा, आणि शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर. शेवटचा टप्पा सातपायरी घाटाचा, वळणं एकावर एक. एका दिवसात जाऊन-येऊन केलं तर परतीचा घाट अंधारात उतरावा लागतो. वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे ऑनलाइन पैशांवर विसंबू नका, रोख ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. राहण्याचं आरक्षण हातात असल्याशिवाय चढू नका, कारण वर पर्याय मोजके. काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही. शहाद्याहून गाडी ठरवा, तीही सकाळी. डिसेंबरात वर थंडी चांगलीच असते आणि सीताखाईचा धबधबा पावसाळ्यासारखा मिळणार नाही.

पायपीट_पुणे: तोरणमाळ पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर बघते मग. लॉजवाले एकट्या बाईला खोली नाकारतात का?

तापीकाठ: काही नाकारतात. एकटीला खोली देण्यावर कायद्याने बंदी नाही, पण रात्री दहाला काउंटरवर कायदा सांगून उपयोग नसतो. आधी फोन करून 'एकटीच आहे, खोली द्याल ना?' असं स्पष्ट विचारा आणि होकार मेसेजवर घ्या. भक्तनिवासातही विचारा, काही ठिकाणी एकट्या माणसाला, बाई असो की पुरुष, खोली देत नाहीत. खाली परमिट रूम असलेलं लॉज टाळा. माणसं वाईट म्हणून नव्हे, जिन्यावर रात्रभर वर्दळ असते म्हणून. पैसे भरण्याआधी खोली बघा: आतून कडी नीट बसते का, खिडकी व्हरांड्यात उघडते का. दाराखाली सरकवायची रबरी पाचर बरोबर ठेवा, हलकी असते. आधारची झेरॉक्स द्यायची तर मास्क्ड आधारची, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेली.

आणि एक. 'कथा जाई राहिनी बहीण? एकलीच?' (कुठे चाललीस, एकटीच?) असं एसटीत शेजारची बाई हमखास विचारणार. त्यात खोट काढू नका, इकडे ती चौकशीची रीत आहे. 'बहिणीकडे चालले' म्हटलं की विषय संपतो, आणि उतरायचं गाव आलं की तीच हाक मारते. कुठल्या लॉजवर उतरलात ते मात्र कोणालाच सांगू नका.

जेवणाची चिंता नाही. डिसेंबर म्हणजे भरताचा हंगाम, भरीत-पुरी मिळणाऱ्या जागी घरची मंडळी बसलेली असतात, एकटीने बसायला अवघड वाटत नाही.

सातपुडा_पायथा: तारखा ठरवताना दत्तजयंती बघा. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तेव्हाच असते. नंदुरबार-शहाद्याकडे जाणार असाल तर त्या दिवसांत एसटीत उभं राहायलाही जागा नसते आणि खोलीचे दर चढलेले असतात.