लेकीच्या दुधाच्या दाढेसाठी एमटीए की फॉर्मोक्रेसॉल? मदत हवी आहे

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. खालची मागची दुधाची दाढ खोलवर किडली आहे. डॉक्टरांनी पल्पोटॉमी सुचवली आहे, म्हणजे वरचा खराब पल्प (दाताच्या आतला मऊ, नसांचा भाग) काढायचा, मुळांतला जिवंत ठेवायचा, औषध भरायचं आणि वर स्टीलची कॅप. रात्री दुखत नाही, सूजही नाही, त्यामुळे पूर्ण रूट कॅनलची गरज नाही असं ते म्हणाले.

अडलंय ते औषधावर. एका डॉक्टरांकडे फॉर्मोक्रेसॉल वापरतात, दुसरीकडे एमटीए (सिमेंटसारखं घट्ट होणारं औषध), आणि ते बरंच महाग आहे. फॉर्मोक्रेसॉलमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं, आणि २००४ साली ते कर्करोगकारक ठरवलं गेलं, हे वाचल्यापासून झोप उडाली आहे. दाढेला लावतात तो थेंब अगदी थोडा आणि काही मिनिटांपुरता, हे कळतं, पण मन मानत नाही. एमटीएने दात काळपट होतो म्हणे, पण कॅपखाली ते कोणाला दिसणार?

ही दाढ ती दहा-बारा वर्षांची होईपर्यंत टिकायला हवी, म्हणून काढून टाकायची नाही.

कोणाच्या मुलांचं एमटीएने झालं आहे का? दोन-तीन वर्षांनी दाढ कशी आहे? इथे बालदंततज्ज्ञ असतील तर कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे.