मनीचं काय बिनसलंय? फक्त मांजरींचे, म्हणजे माद्यांचे अनुभव

बोक्यांच्या मारामाऱ्या, फाटलेले कान, पडद्यावर उडवलेले फवारे यांवर सगळे भरभरून बोलतात. मांजरीबद्दल मात्र ‘शहाणी असते हो, काही त्रास नाही’ एवढ्यावर विषय आटोपतो. तिचं निम्मं वागणं माज, गाभणपण, दूध, नसबंदीचं ऑपरेशन यांच्याशी जोडलेलं असतं. म्हणून हा धागा फक्त तिच्यासाठी. वागण्यात काय बदललं, ते कशावरून लक्षात आलं आणि पुढे काय निघालं, ते लिहा. औषधांचे डोस मात्र लिहू नका. ते वजनावर ठरतात, आणि कुणीतरी वाचून परस्पर देऊन टाकतं.

सुरुवात मीच करते. आमची मांजरी सहा-सात महिन्यांची असताना एका रात्री घसा ताणून ओरडायला लागली. छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर, शेपटी एका बाजूला आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवणं चाललेलं. सासूबाई म्हणाल्या, “कंबर मोडलीय हिची, उचला आधी.” डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला आणि हसले. माजावर आली होती! कमरेवर हात ठेवला की ती आणखीच तशी वाकायची. दुखत असतं तर हात लावू दिला नसता, असं ते म्हणाले. बोका मिळाला नाही तर माज साधारण आठवड्यात ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत परत येतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की हे थांबतं. आपल्याकडे दिवस तेवढा लहान होतच नाही, वर घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. त्यामुळे जवळजवळ वर्षभर चालू.

चिंचगुळ
आमचं घर दापोलीकडे, मांजरी घरची कमी आणि पडवीची जास्त. गाभण आहे हे मी पोटावरून नाही, आचळांवरून ओळखते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती गुलाबी होतात आणि उठून दिसतात. एकूण नऊ आठवड्यांचं गणित. मागच्या खेपेला पोटमाळ्यावर गोणपाटात व्याली. मुलं सारखी शिडी लावून बघायला जायची, म्हणून तिने एकेक पिल्लू मानेला धरून कणगीच्या मागे नेलं, तिथून न्हाणीघराच्या वळचणीला. सात घरं फिरवते म्हणतात ते मला तरी घरांपेक्षा माणसांच्या वर्दळीवर अवलंबून दिसलं. मुलांना दम दिल्यावर तिने मुक्काम हलवला नाही.

दुसरं, अंगावर पाजतेय तोवर गाभण राहत नाही हा समज काढून टाका. आमची राहिली. पिल्लं अजून दूध पीत होती आणि ही परत बोक्यामागे.

रातकिडा
तिरंगी मांजर मादीच असते हे खरं की नुसतंच सांगायचं?

चिंचगुळ
जवळजवळ खरं. पिवळ्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. पिवळा आणि काळा दोन्ही अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात, आणि ते सहसा मादीलाच असतात. एखादा तिरंगी बोका निघतोही, पण तो बहुधा वांझ. शिवाय एका वेतातली पिल्लं वेगवेगळ्या बोक्यांची असू शकतात, म्हणून एक पिवळं, एक काळं आणि एक गल्लीच्या टोकाच्या बोक्यासारखं निघालं तर मांजरीवर संशय घेऊ नये. बरोबरच आहे संशय, पण घेऊ नये!

उंबरठा
मी थोडं गंभीर लिहितो. आमची मांजरी पाच वर्षांची, ऑपरेशन न केलेली. आधी जिथे दाखवत होतो तिथे माज थांबवायची इंजेक्शनं देत. एका मे महिन्यात ती बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली. उन्हाळा आहे, पिणारच, असं घरात सगळ्यांचं मत. जेवण कमी झालं, पोट मात्र भरल्यासारखं. मागचा भाग सारखा चाटायची. स्राव होता, पण तो चाटून साफ करत असल्याने फरशीवर थेंब नाही. शेवटी ती बसायची त्या पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट-तांबूस डाग दिसला. सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेलं. त्याच रात्री ऑपरेशन करून काढावं लागलं. वाचली.

नव्या डॉक्टरांनी सांगितलं की माज संपल्यावर काही आठवड्यांत हे उद्भवतं, आणि त्या हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी धोका वाढतो. स्वस्त आणि सोपं म्हणून ती सर्रास दिली जातात, याचा मला अजून राग आहे.

भाकरतुकडा
ऑपरेशनला घाबरणाऱ्यांसाठी: आमच्या ठकीचं कुशीकडून केलं, चार बोटं केस काढले होते, टाके इवलेसे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो शंकूसारखा कोन घालून ती उलटी उलटी चालत पलंगाखाली शिरायची आणि अडकायची. मग माझ्या मुलीच्या जुन्या मोज्याला चार भोकं पाडून अंगरखा केला. तो चालला. खरा ताप वेगळाच. घरातली दुसरी मांजरी, सख्खी बहीण, तिला ओळखेना. फिस्कारणं, पंजे मारणं. दवाखान्याचा वास येत होता अंगाला.

आता भूक वाढलीय आणि हालचाल कमी, त्यामुळे वाटी मोजून भरते. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते ते लिहिण्यासारखं नाही.

नऊवारी
आमचीचं ऑपरेशन झालं आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच ओरडणं, तेच लोळणं. “सवय असते, जाईल” असं ऐकवलं गेलं. सवय बिवय काही नव्हती. अंडाशयाचा तुकडा आत राहिला होता. ऑपरेशननंतर माज दिसला तर तो चालू असतानाच तपासून घ्या, तेव्हा सापडायला सोपं जातं.

आणि म्हाताऱ्या मांजरींच्या पोटावरून महिन्यातून एकदा बोटं फिरवत जा. थोरलीला फणी करताना आचळाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लागली होती. मांजरींत अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात. तिची ती पूर्ण रांग काढली. पहिल्या वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांना हा धोका बराच कमी असतो. ती आमच्याकडे आली तेव्हाच मोठी होती.

रातकिडा
आमची हल्ली ट्रे सोडून पायपुसण्यावर बसते. थेंबभर होते आणि लगेच उठते. आई म्हणते, नवीन सोफा आला म्हणून राग काढतेय.

उंबरठा
उद्याच दाखवा. मूत्राशयाला सूज असू शकते. बोक्यासारखी मूत्रनळी तुंबण्याचा प्रकार मांजरीत कमी, पण होतच नाही असं नाही. तोवर आईंना तापाची गोळी द्यायला देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीच्या जिवावर बेततं.

रातकिडा
सकाळची वेळ घेतली. @भाकरतुकडा, बहिणींचं पुढे काय झालं?

भाकरतुकडा
दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवल्या. मग एकाच टॉवेलने आधी एकीला पुसलं, मग दुसरीला, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना सुकटीच्या बश्या ठेवल्या. आता एकत्र झोपतात. ठकीच्या अंगरख्यावर.