पाच मिनिटांऐवजी तीन मिनिटे : रेडिओचे श्रोते वाढले की मोजणी बदलली?

नियोजन_शिकाऊ :
जाहिरात-नियोजनाच्या अभ्यासासाठी मी अमेरिकेतील रेडिओ श्रोत्यांचे आकडे पाहत आहे. नील्सन या संस्थेने जानेवारी २०२५ पासून, ज्या शहरांत मीटरने (निवडलेल्या श्रोत्यांनी जवळ बाळगण्याच्या यंत्राने) मोजणी होते तेथे, पाव तासाचे श्रवण धरण्याचा निकष पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणला, आणि त्यानंतरच्या तक्त्यांत एकूण श्रवण वाढलेले दिसते. हे श्रोते नवे आहेत की जुन्याच श्रोत्यांची मोजदाद वेगळ्या रीतीने झाली आहे, आणि जाहिरातदाराने आधीच्या व आताच्या आकड्यांची तुलना करावी तरी कशी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आकडेमोड :
वाढीचा बराच भाग मोजपट्टीचा आहे. येथे मोजणीचे एकक मिनिट नसून घड्याळाप्रमाणे ठरलेला पाव तास आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. त्या पाव तासात सलग असो वा तुकड्यातुकड्यांनी, ठरलेली किमान मिनिटे भरली की तो अख्खा पाव तास त्या स्टेशनच्या खात्यावर जमा होतो. समजा, एकाने ७:१२ ला स्टेशन लावले आणि ७:१८ ला बंद केले. जुन्या नियमाने पहिल्या पाव तासात तीन आणि दुसऱ्यात तीनच मिनिटे भरल्याने स्टेशनला काहीच मिळत नसे; नव्या नियमाने त्याच सहा मिनिटांचे दोन पाव तास, म्हणजे कागदोपत्री अर्धा तास होतो. याउलट ७:०१ ते ७:१४ अशी तेरा मिनिटे ऐकणारा दोन्ही नियमांनी एकाच पाव तासाचा धनी.

आणखी एक परिणाम असा की, एकच श्रोता एका पाव तासात पूर्वी जास्तीत जास्त तीन स्टेशनांच्या हिशेबात येऊ शकत होता, तो आता पाच स्टेशनांच्या हिशेबात येऊ शकतो. त्यामुळे वाढ सर्वांना सारखी मिळण्याचे कारण नाही. ज्यांचे श्रोते बातमी किंवा वाहतुकीची माहिती ऐकून पुढे जातात, त्यांच्या पारड्यात ती अधिक पडण्याचा संभव आहे.

जुनी_तबकडी :
वरील गणित बरोबर आहे, परंतु माझ्या मते याहून कितीतरी मोठे स्थित्यंतर २००७ मध्ये होऊन गेले. तोपर्यंत आर्बिट्रॉन ही कंपनी निवडलेल्या लोकांकडून आठवडाभराची डायरी भरून घेत असे. त्या वर्षी फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टन येथे डायरीच्या जागी खिशात किंवा पट्ट्याला अडकवण्याचे मीटर अधिकृत मोजणीसाठी आले. डायरीत माणूस स्मरणावर विसंबून लिहितो. आवडते स्टेशन सकाळपासून दुपारपर्यंत एका सरळ रेषेत लिहून मोकळा होतो आणि दुसऱ्याच्या गाडीत किंवा दुकानात कानावर पडलेले स्टेशन त्याच्या गावीही नसते. मीटर आल्यावर चित्र पालटले : प्रत्येक स्टेशनपर्यंत पोहोचणारी माणसे वाढली आणि प्रत्येकाचा ऐकण्याचा वेळ घटला. डायरीने स्टेशनवरची निष्ठा मोजली आणि मीटरने कानावर पडलेला आवाज मोजला, असे मी म्हणेन.

त्यातून वादही झाले. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक श्रोत्यांच्या स्टेशनांचे आकडे घसरल्यावर, नमुन्यात या समाजांचे पुरेसे प्रतिनिधित्व नाही असा आक्षेप आला. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी ऑक्टोबर २००८ मध्ये आर्बिट्रॉनवर दावा लावला आणि जानेवारी २००९ मध्ये समझोता झाला. तीन की पाच मिनिटे यापेक्षा मीटर कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न मला आजही अधिक महत्त्वाचा वाटतो. (आर्बिट्रॉन २०१३ मध्ये नील्सनच्या ताब्यात गेली, जुने संदर्भ शोधताना दोन्ही नावे लागतील.)

ध्वनिकक्ष :
कानावर पडलेला आवाज मोजला, या विधानात थोडी दुरुस्ती सुचवतो. हे मीटर कार्यक्रम ओळखत नाही. प्रक्षेपणात मिसळलेला, माणसाला जाणवू नये असा सांकेतिक ध्वनी ते ओळखते. हा संकेत कार्यक्रमाच्या आवाजाखाली लपवावा लागतो, म्हणून भरगच्च संगीतात त्याला आडोसा भरपूर मिळतो, पण संथ बोलण्यात आणि वाक्यांमधील शांततेत तो फारसा मिळत नाही. २०१४-१५ च्या सुमारास हा संकेत ठळक करणारे व्होल्टेअर नावाचे यंत्र अनेक स्टेशनांनी विकत घेतले आणि मोठा गदारोळ झाला. अखेर नील्सनने २०१५ मध्ये आपली संकेतपद्धतीच अधिक बळकट केली. श्रोत्याने काहीही वेगळे केले नसताना आकडा हलू शकतो, याचे हे आधीचे उदाहरण.

नियोजन_शिकाऊ :
सर्वांचे आभार. मग २०२४ आणि २०२५ चे तक्ते शेजारी ठेवूच नयेत काय? आणि मोजणीचे असे बदल इतरत्रही होत आहेत काय?

आकडेमोड :
शेजारी ठेवावेत, परंतु वाढीची टक्केवारी काढू नये. एकाच कालावधीतील स्टेशनांचा परस्पर हिस्सा पाहणे त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण बेरीजही त्याच नियमाने फुगलेली असते. अर्थात वर सांगितलेला असमतोल त्यातही उरतोच. लहान बाजारपेठांत अजून डायरीच चालते आणि तेथे हा बदल लागू केलेला नाही, म्हणून मीटरच्या शहराची डायरीच्या शहराशी थेट तुलना टाळावी. ब्रिटनमधील राजार या संस्थेने करोनाकाळात थांबलेली मोजणी २०२१ मध्ये पुन्हा सुरू करताना डायरीच्या जोडीला मोबाइल अॅपने मोजणारे पॅनेल घेतले; तेथेही आधीच्या आकड्यांशी सरळ तुलना करणे योग्य नव्हे.

जाहिरातदारासाठी एक गोष्ट याहून निकडीची आहे. पाव तास जमा झाला म्हणजे जाहिरात ऐकली गेली, असे होत नाही. माझ्या उदाहरणातील श्रोता दोन्ही पाव तासांत मोजला जाईल, पण जाहिराती ७:१९ ला लागल्या तर त्याने एकही ऐकलेली नसेल. कार्यक्रम आखणारे जाहिरातींच्या जागा याच हिशेबाने ठरवतात. पूर्वी पाव तासाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना श्रोता पाच-पाच मिनिटे टिकावा अशी मांडणी असे, ती आता तीन मिनिटांसाठी होईल. मीटर मिनिटागणिक नोंद ठेवते, त्यामुळे शक्य असेल तेथे जाहिरातीच्या नेमक्या मिनिटांचे आकडे मागावेत आणि ते मिळत नसतील तर निदान जाहिराती तासाच्या कोणत्या मिनिटांना लागतात, हे करारापूर्वी लेखी घ्यावे.