झिंक प्लेटिंगनंतर १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट आपोआप तुटताहेत, हायड्रोजनमुळे असेल का? (बडोदे)

मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे.

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक प्रेस बनवतो. सिलिंडरच्या झाकणाला एम १६ चे (१६ मिमी जाडीचे), १२.९ ग्रेडचे म्हणजे खूप ताकदीचे ॲलन बोल्ट (डोक्यात सहाकोनी खाच असलेले) लागतात. आजवर ते काळेच वापरले. या वेळी पार्टीचा आग्रह होता की गंज नको, सगळं पिवळं झिंक पाहिजे. म्हणून बोल्ट बाहेर प्लेटिंगला दिले. आले तेव्हा दिसायला सुरेख होते. फिटरने टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावून चार्टप्रमाणे आवळले आणि आम्ही शटर ओढून घरी गेलो.

सकाळी वॉचमन म्हणाला, रात्री शेडमध्ये टण्णकन आवाज झाला. आत पाहतो तर दोन बोल्टची डोकी जमिनीवर. प्रेसला प्रेशर दिलेलंच नव्हतं, मोटरही जोडायची होती. दुपारी माझ्या डोळ्यांदेखत तिसरं डोकं उडालं, कुणी हातही लावला नव्हता.

बोल्टचं टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) बरोबर आहे. हार्डनेस म्हणजे कठीणपणा आम्ही स्वतः तपासला, रॉकवेल सी मापाने ४२-४३. त्याच खोक्यातले प्लेटिंग न केलेले बोल्ट दुसऱ्या प्रेसवर व्यवस्थित आहेत. प्लेटिंगवाले म्हणतात लोखंडच खराब, आणि डीलर म्हणतो तुमच्या माणसाने जास्त आवळले. हा फिटर माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहे. पुराव्याशिवाय त्याच्यावर बोट ठेवलेलं मला चालणार नाही.

नेमकं कारण कसं शोधायचं? आणि उरलेला लॉट भट्टीत तापवून वाचेल का?

लेथवाला:
जास्त आवळलेला बोल्ट बहुतेक वेळा पान्याखालीच तुटतो, दुसऱ्या दिवशीची वाट बघत नाही. शिवाय तुटण्याआधी ताणला जातो, मान बारीक होते. तुमच्या तुकड्यांवर तसं काही दिसतं का? आणि तुटले कुठे, आट्यांत की डोक्याखाली?

धागाकर्ता:
मान अजिबात बारीक झालेली नाही. डोकं आणि दांडा जिथे मिळतात त्या गोलाईतून सरळ तुटलेत. तुटलेला भाग कडेला साखरेसारखा रवाळ आणि चमकदार आहे, मध्ये जरा मळकट.

कलाभवनी:
आधी सुरक्षेचं. त्या झाकणावर अजून जे बोल्ट शाबूत दिसताहेत त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. प्रेसला प्रेशर देऊ नका आणि बोल्टच्या डोक्यासमोर कुणाला उभं राहू देऊ नका. सैल करताना बाजूने उभं राहून, जाड पत्र्याची आड घेऊन करा.

आता कारण. मी इथेच, कलाभवनात (बडोद्याच्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्र शिकलो आणि तुटलेले सुटे भाग तपासण्यातच माझी नोकरी गेली. तुमचं वर्णन हायड्रोजनने आलेल्या ठिसूळपणाशी तंतोतंत जुळतं. प्लेटिंगआधी बोल्ट ॲसिडच्या टाकीत साफ होतात, तेव्हा पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. बराचसा जोड्या जमवून बुडबुड्यांनी निघून जातो, पण काही अणू एकेकटे पोलादात शिरतात. पुढे प्लेटिंगमध्ये बोल्ट कॅथोड (विजेचं ऋण टोक) असतो, तिथे जस्ताबरोबर आणखी हायड्रोजन येतो. हा अणू इतका लहान की लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून साध्या तापमानालाही फिरतो. वरून जस्ताचा थर बसला की बाहेर पडायची वाट अवघड होते.

बोल्ट आवळला की डोक्याखालच्या गोलाईत सगळ्यात जास्त ताण येतो. तिथली अणूंची जाळी किंचित ओढली जाते आणि फिरता हायड्रोजन हळूहळू तिकडे गोळा होतो. म्हणूनच वेळ लागतो. पुरेसा जमला की पोलादाच्या रव्यांच्या (सूक्ष्म स्फटिकांच्या) सीमेवर बारीक भेग पडते. मग भेगेच्या टोकाशी पुन्हा हायड्रोजन जमेपर्यंत ती थांबते, पुन्हा थोडी सरकते, आणि उरलेला भाग भार पेलेनासा झाला की डोकं उडतं. यासाठी लागणारा हायड्रोजन वजनाने दहा लाखांत काही मोजके भाग एवढाच असतो. तो लोखंडाचे बंध कमजोर करतो की भेगेच्या टोकाशी धातूचं घसरणं सोपं करून नुकसान करतो, यावर संशोधकांत आजही वाद आहे. मला दोन्ही गोष्टी परिस्थितीनुसार घडतात असं वाटतं.

ही गोष्ट नवी नाही. विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्येच मांडलं होतं की ॲसिडमध्ये बुडवलेलं लोखंड ठिसूळ होतं आणि नुसतं ठेवून दिलं तर हळूहळू चिवटपणा परत येतो. आणि मोठमोठ्या कामांतही हायड्रोजनने दगा दिलाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या नव्या भागात २०१३ साली ९६ पैकी ३२ जाड अँकर रॉड ताण दिल्यावर काही दिवसांत तुटले. तिथला हायड्रोजन मात्र बहुतांशी रॉड पाण्यात पडून राहिल्याने आला होता.

तुमचा हार्डनेस योग्यच आहे, १२.९ साठी ३९ ते ४४ चालतो. पण धोकाही तिथूनच सुरू होतो. ८.८ ग्रेडचे, कमी कठीण बोल्ट सर्रास झिंक प्लेटिंग करून वापरतात, त्यांना हा त्रास सहसा होत नाही. पोलाद जितकं कठीण, तितकं ते हायड्रोजनला हळवं.

टाकीवरचा:
मी प्लेटिंग लाइनवर काम करतो, म्हणून आमची बाजू सांगतो. एवढ्या कठीण मालाला ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंगने (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने) साफ करणं बरं. ॲसिड वापरलंच तर इनहिबिटर (ॲसिडचा लोखंडावरचा मारा कमी करणारं रसायन) टाकून आणि कमीत कमी वेळ. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर बरेच तास बेकिंग (भट्टीत तापवणं), आणि तेही पिवळ्या पॅसिव्हेशनच्या (जस्तावरच्या पिवळ्या संरक्षक थराच्या) आधी, कारण तो थर एवढी उष्णता सोसत नाही. पण कित्येकदा चलानवर नुसतं 'बोल्ट, पिवळं झिंक' एवढंच येतं. ग्रेड कळलाच नाही तर माल साध्या बोल्टबरोबर बॅरलमध्ये (प्लेटिंगच्या फिरत्या पिंपात) जातो.

धागाकर्ता:
आमच्या चलानवर १२.९ स्पष्ट लिहिलंय, कॉपी समोर आहे. भट्टीचा रेकॉर्ड मागतो. बाकीच्या बोल्टचं काय करू? आता बेकिंग केलं तर?

कलाभवनी:
वापरू नका. उशिरा तापवून काही हायड्रोजन निघेल, काही आतल्या निरुपद्रवी जागी अडकेल, पण सूक्ष्म भेगा पडल्या असतील तर त्या तापवून सांधत नाहीत. कुठल्या बोल्टला भेग आहे हे एकेक तपासण्याचा खर्च नव्या बोल्टपेक्षा जास्त होईल. सिलिंडरच्या झाकणासाठी तर हा विचारच नको. हा लॉट कापून भंगारात घाला, म्हणजे चुकून कुणी वापरणार नाही.

पार्टीला गंज नकोच असेल तर झिंक फ्लेक कोटिंग (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा रंगासारखा थर) सुचवा. त्यात विजेची टाकी नसते, त्यामुळे कोटिंग करताना हायड्रोजन शिरत नाही. ॲसिड-सफाई मात्र तिथेही करू देऊ नका. किंवा काळे बोल्ट तेल लावून वापरा. १०.९ ग्रेडवर (१२.९ पेक्षा कमी ताकदीच्या) यायचं असेल तर ताकदीचा हिशेब नव्याने करावा लागेल.

तुकडे जपा. दोन्ही तोंडं एकमेकांना जुळवून पाहू नका, तुटलेल्या भागाला बोट लावू नका. सिलिका जेलचं पाकीट घालून बंद पिशवीत ठेवा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली रव्यांच्या सीमेवरून तुटल्याचं दिसलं तर ते तुमच्या बाजूने बोलेल. नुसतं हायड्रोजनचं प्रमाण मोजून भागत नाही, कारण तो तुटल्यावरही निसटत राहतो.

लेथवाला:
फिटरसाठी एक साधी चाचणी करता येईल. एका जाड प्लेटवर प्लेटिंगचे आणि बिनप्लेटिंगचे बोल्ट शेजारी शेजारी लावा. माणूस तोच, रेंच तोच, टॉर्क तोच.

कलाभवनी:
उत्तम. निदान ४८ तास ठेवा आणि २४ तासांनी पुन्हा तेवढ्याच टॉर्कला आणा. वर लोखंडी पेटी झाका, डोकी उडतात. रेंच आधी कॅलिब्रेट करून सर्टिफिकेट घ्या, नाहीतर डीलर तिथेच अडवेल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. झाकणाचे बोल्ट सांगितल्याप्रमाणे आड घेऊन काढले. त्यातल्या एकाचं डोकं सैल करतानाच हातात आलं. रेंच कॅलिब्रेशनला दिलाय, प्लेट तयार होतेय. डीलर आणि प्लेटिंगवाले, दोघांनाही आवळताना समोर बोलावलंय. भट्टीचा रेकॉर्ड अजून आलेला नाही. आला की इथेच टाकतो.