आधी गणिताचा क्रम लावा
दहावीत लेकीला तीन एपी (अमेरिकेत हायस्कुलातच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) द्यावेत का, हा तुमचा प्रश्न नंतरचा. आधी गणित बघा. अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस असा क्रम असतो. नववीत अल्जिब्रा १ घेतलं, तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोहोचता येतं. कॅल्क्युलस हवं असेल तर एखादा विषय उन्हाळ्यात करावा लागेल, नाहीतर एकाच वर्षी दोन. एपी फिजिक्स सी ला कॅल्क्युलस लागतंच, म्हणजे तेही इथेच अडकतं. परदेशी भाषा एकच धरा.

आणि तिला आवडणारा चित्रकलेचा तास कृपया काढू नका! एपीच्या परीक्षा मे महिन्यात एकापाठोपाठ येतात, दहावीला माझ्या मते एकच पुरे.