फाइल आहे, पण शोधात येत नाही: तुमचे अनुभव लिहा

मंडळाच्या स्मरणिकांचे जुने लेख आम्ही एका संगणकावर गोळा केलेत. 'शेतकऱ्यांच्या' असं टाकून शोधलं, तर समोर दिसणारी फाइलसुद्धा निकालात येईना. नुसतं 'शेत' टाकलं की लगेच हजर!

कारण निघालं ते 'ऱ्य'मध्ये. हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत ०९३१), हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, पण शोधयंत्र आकार बघत नाही, आतले क्रमांक ताडून बघतं. लेखकांचे कीबोर्ड वेगवेगळे, त्यामुळे आमच्या फायली दोन्ही प्रकारच्या. आता फाइंड-रिप्लेसने सगळीकडे एकच रूप करतोय. तोवर सापडलेल्या लेखातलाच शब्द कॉपी करून शोधायचा, म्हणजे निदान त्या प्रकारचे सगळे लेख येतात. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला फार वाटतं, म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय घडलं आणि कारण काय निघालं, दोन्ही सांगा.

रानवाट: फार उपयोगी माहिती, धन्यवाद. त्यात विभक्तीची भर घाला. 'शाळा' शोधलं की 'शाळेत' येत नाही, कारण सामान्यरूपात शेवटचा स्वरच बदलतो. मी 'शाळ' एवढंच टाकते.

हिशेबनीस: माझ्या ऑफिसात फाइलचं नाव टाकलं की मिळायची, आतला मजकूर टाकला की नाही. फायली डी ड्राइव्हवर होत्या आणि तो इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी विंडोज आधीच करून ठेवतं त्या सूचीत, घेतलेलाच नव्हता. अशा ठिकाणी विंडोज सहसा फक्त नावं बघतं. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन फोल्डर जोडला, इंडेक्स पूर्ण होऊ दिला, काम झालं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून 'एन्हान्स्ड' हा पर्यायही आहे, त्यात अख्खा संगणक इंडेक्स होतो. लॅपटॉप असेल तर ते चार्जिंगला लावूनच करा.

खिळाजुळारी: डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या, जुन्या फॉन्टमधल्या फायलींचं दुखणं वेगळंच. वाचताना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचे आणि खुणांचे क्रमांक असतात. युनिकोडमध्ये शब्द टाकून त्या कधीच सापडणार नाहीत, आधी रूपांतर करावं लागतं. मराठी छपाईचा केवढा तरी ठेवा असा कुलुपात पडून आहे, याचं मनापासून वाईट वाटतं. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, नुसतं चित्र असतं. त्यांच्यासाठी टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं वाचणारा प्रोग्राम वापरा, ते फुकट आहे आणि मराठी ओळखतं.

उबुंटूप्रेमी: लिनक्सवर 'लोकेट' या फाइल शोधायच्या आज्ञेला नुकतीच केलेली फाइल दिसत नाही. ते डिस्क चाळत नाही, आधी तयार केलेली यादी वाचतं, आणि ती यादी साधारण दिवसातून एकदा ताजी होते. यादी लगेच ताजी करायला 'सुडो अपडेटडीबी' ही आज्ञा चालवली की झालं.

रानवाट: @उबुंटूप्रेमी, दादा, माझ्या पेनड्राइव्हवरच्या फायली त्यानंतरही येत नाहीत हो.

उबुंटूप्रेमी: ताई, उबुंटूत (हा लिनक्सचाच एक प्रकार) 'मीडिया' फोल्डर त्या यादीतून मुळातच वगळलेला असतो आणि पेनड्राइव्ह तिथेच जोडला जातो. तिथे 'फाइंड' ही आज्ञा वापरा. वेळ लागेल, पण ते थेट डिस्कवर जाऊन बघतं.