दाबून फिरवायचं टोपण न दाबताच उघडतंय, मदत हवी आहे

५०० मिलीची एचडीपीई (एक टणक प्लास्टिक) बाटली, मान २८ मिमी, आत आम्लाचा टॉयलेट क्लीनर. टोपण दोन भागांचं (आतलं आणि बाहेरचं), फोम लायनर (टोपणातली मऊ चकती). भरल्यावर लगेच बघितलं तर ठीक, न दाबता फिरवलं की नुसतं टकटक वाजतं. दोन दिवसांनी मात्र त्याच पेटीतल्या काही बाटल्या न दाबता उघडतात. असा माल लहान मुलं असलेल्या घरात जाऊ द्यायचा नाही. पुरवठादार म्हणतो साचा बदला, पण रचनेवर पेटंट आहे. वरून फॉइल सील लावू का?

प्रतिसाद १
साच्याला इतक्यात हात लावू नका, आधी दोन टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) मोजा. न दाबता उलटं फिरवलं की बाहेरच्या टोपणाचे दाते आतल्याच्या उतारावरून घसरतात. या घसरण्याला लागणारा जोर आतलं टोपण मानेवरून सुटण्याच्या जोरापेक्षा कमीच हवा. नाहीतर दाते घसरायच्या आत आतलं टोपणच फिरतं.

एक टोपण मुद्दाम करकचून आवळा आणि टॉर्क मीटरवर न दाबता उलटं फिरवा. टकटकीच्या वेळचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे घसरण-टॉर्क. मग २४ तास ठेवलेल्या दहा बाटल्या दाबून उघडा. सरासरी काढू नका, सर्वांत कमी आकडा धरा. २८ मिमीला सुरुवातीला साधारण १४ इंच-पौंड (१.६ न्यूटन-मीटर) आवळतात. लायनर दबला की दिवसभरात सुटण्याचा टॉर्क निम्म्यावर येतो, हे नेहमीचंच.

प्रतिसाद २
आटे ओले आहेत का बघा. क्लीनरमध्ये सरफॅक्टंट (साबणासारखं रसायन) असतं, भरणाऱ्या नोजलचा एक थेंब आट्यांवर पडला तरी वंगणाचं काम करतो. मान पुसलेल्या दहा आणि न पुसलेल्या दहा बाटल्या वेगळ्या मोजा.

फॉइल नको. फॉइलवरच्या प्लास्टिकच्या थराला सुईएवढं भोक असलं तरी आम्ल ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो.

प्रतिसाद ३
पेटंटचं: दाबून फिरवायची मूळ कल्पना १९६७ची, कॅनडातल्या विंडसरचे डॉ. हेन्री ब्रो यांच्या पुढाकारातली. ती आता कोणाच्या मालकीची नाही. भारतात पेटंट अर्जापासून २० वर्षं चालतं, पण एखाद्या खास उताराचं किंवा स्प्रिंगचं नवं पेटंट चालू असू शकतं. पुरवठादाराकडून पेटंट क्रमांक मागा. पेटंट कार्यालयाच्या शोध संकेतस्थळावर बी६५डी ५०/०४ हा अशा टोपणांचा पेटंट-वर्ग टाका आणि चित्रं न बघता दावे (पेटंटने नेमकं काय राखलंय ते) वाचा. परदेशातलं पेटंट इथे लागू नाही, माल तिकडे पाठवलात तर मात्र लागू होईल.

धागाकर्ता
घसरण ६ इंच-पौंड. सुटण्याचा टॉर्क न पुसलेल्यांत ४ ते ८, पुसलेल्यांत ७ ते ९.

प्रतिसाद १
म्हणजे ४ आणि ५ वाल्या बाटल्याच उघडतायत. आधी नोजलची गळती थांबवा. मग आवळणं दोन-दोन इंच-पौंडांनी वाढवत १८ पर्यंत न्या. आटे उडी मारतात का, आतलं टोपण तडकतं का, प्रत्येक टप्प्यावर बघा. ७ आणि ६ मधलं अंतर फार थोडं आहे, सर्वांत कमी आकडा ९ च्या वर आणा.

'मुलांना न उघडणारं' असं लेबलवर छापायचं असेल तर आयएसओ ८३१७ (मुलांना न उघडणाऱ्या पॅकिंगचं आंतरराष्ट्रीय मानक) ची चाचणी याच बाटली-टोपण जोडीवर करून घ्या. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांपैकी किमान ८५ टक्क्यांना पहिल्या ५ मिनिटांत उघडता येता कामा नये. ५० ते ७० वयाच्या मोठ्यांना मात्र उघडता यायला हवं, म्हणून १८ च्या पुढे जाऊ नका.